दोन घरं उजळ

शाई हे तिचं खरं नाव नव्हे. ती जन्मली तेव्हा मावशीने दुपट्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हिच्यावर दौत उपडी झाली की काय!" सगळे खो खो हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. मावशीच्या मनात तसं काही नव्हतं, असं आई अजूनही सांगते. शाईनेही त्यावरून कधी वाद घातला नाही. फक्त लहानपणी कुणी पाहुणं आलं आणि "हिला शाई का म्हणता?" असं विचारायला लागलं, की ती पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून जायची.

मोठी झाल्यावर ती एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. पुढे काउंटर, त्यामागे पडदा आणि दिवे, आणि अगदी आतल्या कोपऱ्यात तिचा कॉम्प्युटर. काढलेले फोटो दुरुस्त करायचे, हे तिचं काम. कुणाचा डोळा मिटलेला, कुणाच्या कपाळावर पुरळ, कुणाचा शर्ट चुरगळलेला. ती ते असं बेमालूम सारखं करायची की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण मुळातच असे आहोत. आणि प्रत्येक फोटोला शेवटचा एक हात ठरलेला असायचा. स्क्रीनवर रंगाची एक पट्टी असते, तिच्यावर बारीक घरं पाडलेली. मालक काउंटरवरूनच ओरडायचे, "शाई, दोन घरं उजळ!" गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नव्हती. एकदा तिने मालकांना म्हटलंही होतं, "विचारून तरी बघू या का?" त्यावर ते म्हणाले, "अगं, खरं तोंड बघायला घरी आरसा आहे की. तेवढ्यासाठी माणूस आपल्याकडे कशाला येईल?" यावर तीही हसली होती.

ही झाली दिवसाची शाई. संध्याकाळची शाई वेगळी होती.

सहा पोरांचा एक कोरियन गट होता. जगभर त्यांच्या गाण्यांचं वेड. शाईलाही ते लागलं, आणि बऱ्याच उशिरा लागलं. ज्या वयात मैत्रिणी मुलांच्या शाळांबद्दल बोलतात, त्या वयात ही के-पॉप ऐकत बसायची. त्या सहांतला सगळ्यांत लहान, ज्याला सगळे फॅन 'धाकटा' म्हणायचे, तो बाकीच्यांपेक्षा सावळा होता. पण हे कळायला त्याला विमानतळावर घाईत चालताना पाहावं लागे. कंपनीच्या पोस्टरवर तो दुधासारखा पांढरा. फॅन लोक तर त्याच्याही पुढे. पांढऱ्याचा पार चुना करायचे.

एक दिवस शाईने असाच एक फोटो घेतला, आणि जे दिवसभर करायची त्याच्या उलट केलं. घरं मागे नेली. चुन्याखालून हळूहळू एक मुलगा वर आला; गालावर उन्हाचा राप, डोळ्यांखाली दमणूक. तिला इतकं बरं वाटलं की तिने तो फोटो नेटवर, फॅन लोकांमध्ये टाकला. त्यावर पहिली कमेंट आली ती एका नर्सची. "आज पहिल्यांदा हा मला माणूस वाटला," तिने लिहिलं होतं.

ही नर्स दूरच्या देशातली, कृष्णवर्णीय, लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी. शाई तिला ताई म्हणायला लागली आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासन् तास बोलायच्या. दोघींनी मिळून एक अकाउंट काढलं. शाई फोटो मूळ रंगात आणायची, ताई त्यासोबत लिहायची. गोरेपणाच्या सोसाबद्दल, आपल्यासारख्यांना फॅनच्या या मेळ्यात कुठे उभं केलं जातं त्याबद्दल. बघता बघता लाखभर लोक जमले. कुणी काही बोललं की "त्या दोघी काय म्हणतात ते बघू" असं व्हायला लागलं.

दिवसा लोकांना उजळवायचं आणि संध्याकाळी एकाला मूळ रंगात आणायचं, यातली मेख शाईला दिसत नव्हती असं नाही. पण एक पोटाचं आणि एक मनाचं, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. स्टुडिओचं ताईला कधी सांगितलं नाही. "फोटोचं काम करते," एवढंच.

मग तो व्हिडिओ आला.

सकाळी ती स्टुडिओत येऊन बसते तोच फोन थरथरायला लागला. थांबेचना. कुणीतरी जुनं काहीतरी उकरून काढलं होतं. धाकटा सोळा वर्षांचा असतानाचं, गटात येण्याआधीचं. कुठल्याशा विनोदी कार्यक्रमात तो तोंडाला काळा रंग फासून, ओठ जाड रंगवून, कुरळ्या केसांचा टोप घालून एका कृष्णवर्णीय गायकाची नक्कल करत होता. समोर बसलेले लोक पोट धरून हसत होते.

शाईने तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहिला. मग आवाज चालू करून. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. तिच्या दुपट्याभोवती उभं राहून लोक असेच हसले असणार.

ताईचा मेसेज आला. "पाहिलंस?"

"पाहिलं. ताई, आपल्याला लिहावं लागेल. लोक आत्ताच विचारतायत."

"लिहू. पण उद्या, आज नको. आणि मी लिहीन." ताईने पुढे लिहिलं, "माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिच्या खोलीत भिंतभर हाच आहे. त्याचा रंग आपल्यासारखा आहे म्हणून तो तिला आवडतो. आज शाळेतून आली की मी तिला जवळ बसवून सांगणार आहे. तिला हे बाहेरून कळायला नको. मला आजचा दिवस दे."

"हो ताई. दिला," शाईने लिहिलं.

दुपारपर्यंत ती गप्प राहिली. पण फोन गप्प राहीना. "आता कुठे गेल्या दोघी?" "लाडक्याचं म्हटल्यावर दातखीळ बसली का?" "किती मिळतात कंपनीकडून?" दुसऱ्या बाजूने धाकट्याच्या भक्तांचा वेगळाच गलका. लहान होता, त्याला काय कळत होतं, तिकडे असं चालतं, तुम्हाला विनोद समजत नाही. शाई एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फोटोवरचे डाग काढत होती आणि एकेक कमेंट वाचत होती. तिचं डोकं तापत गेलं. शेवटी तिने त्या गृहस्थांना तसंच अर्धवट सोडलं आणि लिहायला घेतलं.

लिहिलं ते चांगलंच लिहिलं. आतून आलेलं होतं. "तू ज्यांच्या रंगाला हसलास, ते आम्ही," अशी सुरुवात होती. आम्ही तुझं तोंड धुतलं, आम्ही तुझ्यावरचा चुना खरवडला, आणि तू आमचा रंग डबीतून काढून फासलास. माफी माग, नाहीतर गटातून बाहेर हो. पोस्ट टाकली आणि ती वणव्यासारखी पसरली. मोठमोठ्या लोकांनी ती पुढे पाठवली. बातमीतही तिचं वाक्य आलं.

त्यातच एक कमेंट खाली दिसली. कुणा मुलीची. धाकट्याचा कैवार घेऊन तिने काळ्या लोकांविषयी इतकं घाणेरडं लिहिलं होतं, आणि ताईचं नाव घेऊन लिहिलं होतं, की शाईच्या कानशिलात कळ गेली. तिने त्या कमेंटचा आणि त्या मुलीच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घेतला. प्रोफाइलवर मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशात, छातीवर बिल्ला. शाळेचं नाव वाचता येत होतं. चेहरा पुसट करणं, बिल्ला झाकणं, हे शाईच्या बोटांचं दोन मिनिटांचं काम. तिने ते केलं नाही. "ही बघा, यांची भावी पिढी," असं लिहून तिने ते लाखभर लोकांसमोर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत लोकांनी ती मुलगी शोधून काढली होती. शाळेला फोन गेले. घराचा पत्ता फिरायला लागला. मुलीने लिहिलं, "मी पंधरा वर्षांची आहे, प्लीज थांबा," तर त्याचाही स्क्रीनशॉट फिरला, खाली हसरे चेहरे चिकटवून. मग तिचं अकाउंटच दिसेनासं झालं. "पळाली," लोकांनी लिहिलं. शाईनेही त्यावर बोट दाबून पसंती दिली.

ताईकडून त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी लोकांनी शाईला शोधलं. धाकट्याच्या एका भक्ताने स्टुडिओचं पान बाहेर काढलं होतं. मालकांच्या हौसेखातर शाईनेच ते बनवलं होतं, खाली स्वतःचं नाव घालून: 'आधी' आणि 'नंतर'. त्यात एका नवरीचा फोटो होता. आधी ती चांगली तुकतुकीत सावळी. नंतर दोन घरं, छे, चार घरं उजळ. त्यावर लाल अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं, "आमच्या मुलाला बाहेर काढा म्हणणारी हीच. दिवसाढवळ्या बायकांना चुना फासते."

कालपर्यंत तिच्या शब्दावर टाळ्या वाजवणारेच आता पुढे होते. ढोंगी, दलाल, आणि त्याहून वाईट. स्टुडिओच्या पानावर वाईट शेऱ्यांचा पाऊस पडला. ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही त्यांनी लिहिलं की इथे फोटो भिकार निघतात. काउंटरवरचा फोन वाजायचा आणि पलीकडून नुसती शिवी यायची. मालकांना त्यातलं निम्मंही कळेना. "शाई, हे धाकटा धाकटा कोण? आपलं गिऱ्हाईक आहे का? त्याचा फोटो बिघडला का?" तिने समजावून सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी तुला काढत नाही. पण मला हे झेपत नाही गं." त्यांनी फोनची वायर काढून ठेवली.

घरी ती जेवेना, तेव्हा आई शेजारी येऊन बसली.

"कोण आहेत गं हे लोक?"

"माझेच आहेत, आई."

"तुझे आहेत तर मग फोन लाव आणि सांग ना त्यांना नीट."

"तसे नाहीत गं माझे."

आईने मान हलवली, समजल्यासारखी, आणि ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात ती फोटोतली नवरी आली. औषधांच्या दुकानात काम करायची ती. कामावरचा पांढरा कोट अंगावर तसाच. मालक लगबगीने पुढे झाले. "मॅडम, आम्ही तो फोटो काढून टाकलाय, अगदी मनापासून—"

"मला हिच्याशी बोलायचंय," ती म्हणाली आणि सरळ पडद्यामागे आली. शाई उठून उभी राहिली.

"तुम्ही केलेत ना माझे फोटो?"

"हो."

"उजळ करायला कुणी सांगितलं होतं? माझ्या सासूबाईंनी?"

तिच्या आवाजात एक आशा होती, ती शाईला ऐकू आली. हो म्हटलं असतं तर तिथेच सुटका होती. सगळा राग दुसऱ्या घरी गेला असता.

"कुणीच नाही सांगितलं," शाई म्हणाली. "आम्ही सगळ्यांचेच करतो."

"सगळ्यांचे?"

"हो. न विचारता."

नवरी स्टुलावर बसली. "लग्नाला दोन वर्षं झाली. अल्बम आला तेव्हा मला वाटलं, सासूबाईंनी सांगितलं असणार. दोन वर्षं मी मनात तेच धरून बसलेय. त्यांच्याशी धड बोलले नाही. माझा नवरा थट्टेने अल्बममधल्या बाईला 'तुझी मोठी बहीण' म्हणतो. मीही हसते. आता दुकानात येणारी माणसं माझ्याकडे निरखून बघतात. एका पोराने विचारलं, त्या फोटोतल्या तुम्हीच ना, आधीच्या?"

"माझं चुकलं," शाई म्हणाली. हे शब्द तिलाच फार तोकडे वाटले.

"ऐका तर. तो आधीचा फोटो मी त्या लोकांच्या पोस्टवरच पहिल्यांदा पाहिला. वर शिव्या, खाली शिव्या, आणि मध्ये मी. आणि मी बघतच राहिले." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "चांगली दिसत होते हो मी. मला कुणी दाखवलंच नव्हतं."

पडद्यापलीकडे मालक खोकले.

"मूळ फोटो आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत. सगळे."

"मग ते द्या मला. सगळे. हात न लावता."

शाईने सगळा अल्बम पुन्हा छापला. एकेक फोटो उघडताना तिचा हात सवयीने पट्टीकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. मालक मागे येऊन उभे राहिले, बघत राहिले. "ही मुलगी आपल्याकडे आली होती होय," एवढंच म्हणाले.

अल्बम देऊन झाल्यावर रविवारी दुपारी तिने ताईला फोन लावला. आधी बरेचदा लावून ठेवून दिला होता. या वेळी ठेवला नाही.

"मी ओरडणार नाही," ताई म्हणाली. "कामावरून आलेय, तेवढं त्राण नाही."

"स्टुडिओचं तुम्हाला सांगायला हवं होतं मी."

"हवं होतं. पण ते नंतर. आधी हे ऐक. माझ्या भाचीला शाळेतच कळलं. कुणीतरी आपली पोस्ट दाखवली. तिला वाटलं, मीच लिहिलीय. घरी येऊन मला म्हणाली, आत्या, तुला आधीच ठाऊक होतं, मग सगळ्या जगाला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस?"

शाईने डोळे मिटून घेतले.

"तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द खरा होता," ताई म्हणाली. "म्हणून तर आणखी अवघड आहे. तुझ्या मनाला लागलं, ते मी नाकारत नाही. तुला रंगावरून काय काय ऐकावं लागलं असेल, मला कळतं. पण त्याने तोंडाला फासली ती माझी माणसं होती. 'आम्ही' असं लिहिताना मला विचारायचं होतंस. मी एक दिवस मागितला होता, शाई. एकच."

"मला राहवलं नाही ताई. लोक—"

"लोकांना घाई होती. तुला कसली होती?"

याचं उत्तर शाईला माहीत होतं. त्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या आधी आपलं वाक्य जायला हवं होतं, हेच खरं होतं.

"आणि ती मुलगी?" ताईने विचारलं.

"तिने तुमच्याबद्दल किती घाण लिहिलं होतं!"

"वाचलं मी. असलं मी जन्मभर वाचत आलेय. त्याचं मला नवल नाही आणि ते मला क्षम्यही वाटत नाही. पण मी मुलांच्या वॉर्डात आहे गं. पंधरा वर्षांच्या पोरी आमच्याकडे कशा अवस्थेत आणतात ते मी बघते. ती घरी धड आहे का, एवढं तरी पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. ते तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ताईने फोन ठेवण्याआधी रागाचं काही म्हटलं नाही आणि मायेचंही नाही. "काळजी घे," म्हणाली, जसं वॉर्डातून घरी जाणाऱ्या कुणालाही म्हणत असेल.

शाईने स्क्रीनशॉट काढून टाकला, पण त्याच्या प्रती एव्हाना कुठे कुठे गेल्या होत्या. मग तिने घडलेलं सगळं लिहिलं. स्टुडिओ, नवरी, ताईने मागितलेला दिवस, मुलीचा न झाकलेला बिल्ला. काहींनी हिंमतीची वाहवा केली, पुष्कळांनी नाटक म्हटलं. दोन दिवसांनी लोक दुसऱ्याच कुणामागे लागले. अकाउंट तिने ताईच्या हाती दिलं आणि स्वतः बाहेर पडली. त्या मुलीच्या एका मैत्रिणीचा माग लागला, तिच्यामार्फत शाईने माफीचे चार शब्द पाठवले. उत्तर आलं नाही.

धाकट्यानेही माफी मागितली. आधी कंपनीच्या भाषेत, मग बऱ्याच महिन्यांनी स्वतःच्या. काहींना ती पटली. ताईला पटली नाही, आणि तिने तसं शांतपणे लिहिलं. तिच्या भाचीने भिंतीवरचं पोस्टर स्वतःच्या हाताने उतरवलं, गुंडाळलं आणि कपाटामागे ठेवून दिलं. फेकू दिलं नाही. हे शाईने इतर लाखभर लोकांसारखंच वाचलं.

स्टुडिओत मात्र एक बदल झाला. शाईने हट्टच धरला आणि मालकांनी कुरकुरत मान्य केलं. आता काउंटरवर विचारतात, "रंग आहे तसा ठेवायचा, की उजळायचा?" पुष्कळ लोक अजूनही "उजळाच" म्हणतात, मग शाई उजळते. काही जण मात्र हा प्रश्न ऐकून गोंधळतात. एक बाई तर म्हणाल्या, "थांबा, मी घरी विचारून येते," आणि दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. "कुणाला विचारू? माझंच तोंड आहे," म्हणाल्या आणि आहे तसा घेऊन गेल्या.

एका दुपारी तिला अनोळखी नंबरवरून आवाजी मेसेज आला. कोवळा, घाईघाईचा आवाज. "तुमचा माफीचा निरोप मिळाला होता. मी बरेच महिने शाळेत गेले नाही. आता दुसऱ्या शाळेत आहे. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला कळलं म्हणून म्हणतेय. त्या नर्सबाईंना मी तसं कळवलंय. पण तुमची माफी मला नकोय. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

शाईने तो पुन्हा ऐकला. बाहेर मालक कुणाला तरी हनुवटी वर करायला सांगत होते. पुष्कळ काही लिहावंसं तिला वाटलं. सुरुवातही केली आणि पुसून टाकलं. पोरीने एवढंच विचारलं होतं.

"चौतीस," तिने लिहिलं, आणि पाठवलं.